वहिनीचा रक्तगट ‘बॉम्बे’ निघाला, बाळंतपण तोंडावर आहे. काय करावं?

कणकवलीकर

नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, सांभाळून घ्या.

माझी वहिनी सातव्या महिन्यात आहे, पहिलंच बाळंतपण. हिमोग्लोबिन ८.६ आलं म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक पिशवी राखून ठेवू. दादा नमुना घेऊन रक्तपेढीत गेला. शाळेच्या आरोग्य तपासणीपासून वहिनीच्या सगळ्या कागदांवर ओ पॉझिटिव्ह आहे. ओ पॉझिटिव्ह तर आमच्या वाडीतच पाच-सहा जण निघतील, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तिथे एकही पिशवी जुळेना. एक लावली, दुसरी लावली, शेवटी तिथल्या माणसाने दादाला बाजूला घेऊन विचारलं, “यांच्या आईवडिलांचं नात्यात लग्न झालंय का?” झालंय, आतेभाऊ आणि मामेबहीण. मग नमुना मुंबईला गेला आणि काल रिपोर्ट आला: बॉम्बे फेनोटाइप, आरएच पॉझिटिव्ह.

आमची आई कालपासून एकच विचारतेय, हिचं माहेर आजऱ्याचं, मुंबईचं रक्त आलं कुठून? ते सोडा. मला विचारायचंय ते असं. हा आजार आहे का? बाळाला काही धोका? ऐन वेळी रक्त लागलं तर कुठून आणायचं? ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं म्हणतात, ते हिला चालेल का? दादाने व्हॉट्सॲपवर टाकायला आवाहन लिहून ठेवलंय, मी अजून पाठवू दिलेलं नाही.

रक्तपेढीवाली मावशी

पाठवू दिलं नाहीत ते बरं केलंत. का, ते खाली सांगते.

मी जिल्ह्याच्या गावी रक्तपेढीत तंत्रज्ञ होते, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही, तेव्हा औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरीणबाई सांगतील तेच खरं. रक्ताचं मात्र मी सांगते.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. ओ निगेटिव्ह वहिनींना अजिबात चालणार नाही. निगेटिव्ह हे फक्त आरएचच्या डीबद्दल, म्हणजे पेशीवरच्या डी नावाच्या खुणेबद्दल असतं. वहिनींची अडचण डीची नाही, एचची आहे. आपल्या तांबड्या पेशींवर एच नावाची साखरेची एक साखळी असते. ए गटात तिच्या टोकाला एक साखर जोडली जाते, बी गटात दुसरी. ओ गटात काहीच जोडलं जात नाही, एच तसाच उघडा राहतो. त्यामुळे ओ पेशी कोरी आहे असं लोक समजतात ते खोटं, एच सर्वांत जास्त असतो तो ओ पेशीवरच. वहिनींच्या पेशींवर तो एच मुळातच नाही. एच बनवणारं एफयूटी१ हे जनुक आई आणि वडील, दोघांकडूनही बिघडलेलंच आलं. आईवडील एका घरातले असले की असं बिघडलेलं जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. तुमच्या रक्तपेढीतल्या माणसाने नात्याचं विचारलं ते म्हणूनच. माणूस कामाचा आहे, त्याला धरून राहा.

अंगात एच नाही म्हणून शरीर एचला परकं समजतं आणि त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवून ठेवतं. ही अँटी-एच शरीराच्या तापमानाला जोरात काम करते. ए, बी, एबी, ओ, कुठलंही रक्त चढवलं तरी त्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात. लघवी लाल होते, किडनी बसते, माणूस दगावूही शकतो. आता बघा, रात्री दोन वाजता बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला आणि गट तपासायला वेळ नसला की दवाखान्यात ओ निगेटिव्हच लावायची पद्धत असते. म्हणून केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने मोठ्ठं लिहून घ्या: “बॉम्बे गट. ओ निगेटिव्हसुद्धा देऊ नये.” वहिनींच्या पर्समध्ये, दादांच्या पाकिटात आणि मोबाइलच्या कव्हरमागे हीच चिठ्ठी ठेवा.

आजार म्हणाल तर नाही. तब्येतीला काहीही होत नाही, ऐंशी वर्षं जगून माणसाला पत्ता लागत नाही. रक्त घ्यायची वेळ आली तरच अडतं.

आजवर ओ का निघालं? शिबिरात टाईलवर रक्ताचे थेंब घेतात. ए ओळखणारं निळं सिरम घातलं, गोळे नाहीत. बी ओळखणारं पिवळं सिरम घातलं, गोळे नाहीत. लिहा ओ, पुढचा या. ही झाली अर्धी तपासणी. रक्तपेढीत उलटी बाजूही बघायची असते, तिला आम्ही रिव्हर्स म्हणतो. पेशंटचं सिरम, म्हणजे रक्तातला अँटिबॉडी असलेला पातळ भाग, घ्यायचं आणि माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशींवर घालायचं. साध्या ओ माणसाचं सिरम ए आणि बी पेशींचे गोळे करतं, ओ पेशींना हात लावत नाही. बॉम्बेवाल्याचं सिरम ओ पेशींचाही गोळा करतं, आणि गोळा म्हणजे कसा, सेंट्रिफ्यूजमधून नळी काढून दिव्यासमोर हलवली तर पेशी मोकळ्या होऊन वर येतच नाहीत, तळाचा लाल ठिपका सगळाच्या सगळा एकसंध सरकतो. मग पेशंटच्या स्वतःच्या पेशी त्याच्याच सिरममध्ये घालून बघायच्या. तिथे सगळं शांत असलं की बॉम्बेचा संशय घ्यायचा. शिक्कामोर्तब करायला अँटी-एच लेक्टिन लागतं. युरोपात युलेक्स नावाचं पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप असतं, त्याच्या बियांचा तो अर्क. ओ पेशी त्यात झटकन गोळा होतात, बॉम्बे पेशी ढिम्म हलत नाहीत. हे लेक्टिन प्रत्येक रक्तपेढीत नसतं, म्हणून तुमचा नमुना मुंबईला गेला.

तुमच्या आईंनाही सांगा, मुंबईचं नुसतं नाव आहे. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत असे तिघे जण शोधून लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापले. त्यात रेल्वेच्या अपघातातला एक जखमी होता आणि एक चाकूहल्ल्यातला. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधले रेस आणि सँगर हे रक्तगटांचे संशोधकही त्या लेखात आहेत. पुढे 1955 मध्ये अमेरिकेत इटालियन वंशाच्या एका बाईंमध्ये असंच सापडलं आणि तिथल्यांनी बॉम्बे हे नाव रूढ केलं. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक असं प्रमाण धरतात. महाराष्ट्र-कर्नाटकात त्यातल्या त्यात जास्त सापडतात, तेव्हा आजऱ्याचं नवल नको.

आता कामाचं. वहिनींना सख्खी भावंडं किती? प्रत्येकाला हा गट असण्याची शक्यता चारात एक आहे. बाहेर दाता शोधण्याआधी त्यांची तपासणी करा, आणि टाईलवरची नको, रिव्हर्ससकट. हे आजच्या आज.

आणि आवाहन का नको? तो मेसेज मरत नाही हो. बाळ मुंजीला आलं तरी फोन येतच राहतात. वर निम्मे फोन “माझं ओ आहे, चालेल का” म्हणणाऱ्यांचे. खरा दाता त्या गर्दीत हरवतो. दाता रक्तपेढीमार्फतच मागवा. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, दुर्मिळ गटाच्या दात्यांची नोंद त्यांच्याकडे आहे. तुमच्या रक्तपेढीने तिथे फोन करायचा, तुम्ही नव्हे.

भूलवाला

मावशींनी बहुतेक सगळं सांगितलंय. मी भूलतज्ज्ञ आहे, माझ्या बाजूचं थोडं.

या केसमध्ये सगळ्यात स्वस्त आणि हमखास मिळणारं रक्त म्हणजे वहिनींचं स्वतःचं. ८.६ वर बाळंतपणाला जाणं कुणालाही बरं नाही, हिला तर मुळीच नाही. सातव्या महिन्यात नुसत्या गोळ्यांवर विसंबण्याइतका वेळ उरत नाही. शिरेतून लोह देता येतं आणि त्याचा परिणाम दिसायला दोन-चार आठवडे लागतात, म्हणून डॉक्टरीणबाईंशी या आठवड्यातच बोला. हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं तर तिचंच रक्त आधी काढून ठेवायचा विचार होऊ शकतो. तो निर्णय तिथल्या टीमचा, घरी बसून ठरवायचा नव्हे.

बॉम्बे गटाच्या बाळंतिणींच्या केस रिपोर्ट आपल्याकडच्या मासिकांत अधूनमधून येतात, एशियन जर्नल ऑफ ट्रान्सफ्युजन सायन्समध्ये शोधलंत तर मिळतील. मी त्या आवडीने वाचतो. बहुतेकींची सुरुवात तुमच्यासारखीच: कागदावर ओ आणि क्रॉसमॅच, म्हणजे पिशवीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळवून बघणं, सगळ्या पिशव्यांशी फेल. निभावतात त्या केसेस बहुधा आधी कळलेल्या असतात. रक्तस्राव आटोक्यात ठेवायची औषधं हाताशी, अनुभवी माणूस टेबलाशी, भूलतज्ज्ञाला आठवडाभर आधी कल्पना. शेवटचा मुद्दा आमच्या जमातीचा आहे, पण खरंच सांगा. बाळंतिणीला आत घेतल्यावर दारात कळलेलं कुणालाच आवडत नाही.

खानापूरकर

विषयाला सोडून थोडं, पण उपयोगी पडेल.

माझे वडील ओ आणि मी एबी. शाळेत जीवशास्त्राच्या बाई फळ्यावर तक्ता काढून सांगत होत्या की ओ बापाला एबी मूल होऊच शकत नाही. मी बावळटासारखा हात वर केला. पुढे ते घरापर्यंत गेलं, भावकीत गेलं. आमच्या आईने त्या काळात काय ऐकून घेतलं असेल ते ती कधी बोलली नाही. एका काकूने तर दवाखान्यात मूल बदललं असा शोध लावला.

कितीतरी वर्षांनी वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं आणि तेव्हा पुरी तपासणी होऊन बॉम्बे निघाले. त्यांच्यात ए होतंच, फक्त ते चिकटायला एच नव्हता. ते ए माझ्यात उतरलं, आईकडून बी आलं आणि आईच्याच चांगल्या जनुकामुळे माझ्यात एच तयार झाला. झालो एबी. डॉक्टरांनी कागदावर चौकटी काढून समजावलं. आईने तो कागद घडी घालून लग्नाच्या अल्बममध्ये ठेवला आणि त्या वर्षीच्या दिवाळीला काकूंना मुद्दाम अल्बम बघायला बसवलं.

सांगायचं म्हणजे, तुमच्या बाळाचा गट काहीही निघाला तरी चकित होऊ नका आणि आजीबाईंना आधीच समजावून ठेवा.

जिज्ञासू_पुणे

मावशी, मध्ये बातमी होती की कोलारच्या बाईंचा जगात कुणाचाच नाही असा गट सापडला. तो हाच का? आणि फ्रान्सचाही काहीतरी होता.

रक्तपेढीवाली मावशी

नाही, ते वेगळं. कोलारच्या बाई 38 वर्षांच्या, हृदयाच्या ऑपरेशनला आल्या होत्या. त्यांचा साधा गट ओ पॉझिटिव्हच, पण सिरम प्रत्येक पिशवीशी भांडत होतं. घरातले वीस जण तपासले, एकाचंही जुळलं नाही. शेवटी डॉक्टरांनी रक्त न देता ऑपरेशन पार पाडलं. नमुना इंग्लंडला ब्रिस्टलच्या प्रयोगशाळेत गेला, बरेच महिने काम चाललं आणि क्रोमर नावाच्या रक्तगट प्रणालीत (एबीओ, आरएच याही अशाच प्रणाली) नवा अँटिजेन, म्हणजे पेशीवरची नवी खूण, निघाला. नाव ठेवलं क्रिब. क्रोमरचं सीआर, इंडियाचा आय, बंगळुरूचा बी. जून 2025 मध्ये मिलानच्या परिषदेत जाहीर झालं. फ्रान्सचंही त्याच परिषदेतलं. ग्वादलूप बेटाकडच्या एका बाईंचा नमुना 2011 पासून पडून होता, जनुकांचं वाचन स्वस्त झाल्यावर उलगडला. त्या गटाचं नाव ग्वादा निगेटिव्ह. ती अठ्ठेचाळिसावी प्रणाली.

मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट 1972 च्या नमुन्याची. एका गरोदर बाईच्या पेशींवर सगळ्यांच्या पेशींवर असणारा एक अँटिजेन नव्हता. कारण सापडायला 2024 उजाडलं, एमएएल नावाचं जनुक निघालं. पन्नास वर्षं कुणीतरी तो नमुना, ती नोंद सांभाळली. आमच्याकडे फ्रिज बिघडला की आधी बाहेर निघायचे ते असे “कुणाचे कोण जाणे” नमुने. असो.

तुलनेने बॉम्बेवाले नशीबवान म्हणायचे. निदान त्यांचे दाते हयात आहेत आणि फोन उचलतात.

कणकवलीकर

सगळ्यांचे आभार. थोडं पुढे सरकलंय.

वहिनीला शिरेतून लोह दिलं. काल हिमोग्लोबिन १०.१ आलं. वहिनीच्या भावंडांची तपासणी झाली. मोठा भाऊ सरळ बी पॉझिटिव्ह. धाकटी बहीण कोल्हापुरात नोकरीला असते, ती बॉम्बे निघाली! घरात पेढे वाटायचेच बाकी होते. पण तिचं वजन ४३ किलो. रक्तपेढीवाले म्हणतात, घेणार नाही. ती म्हणते आठवडाभर केळी आणि तूप खाऊन दोन किलो वाढवते. काय करावं?

दुसरं, बाळंतपण इथेच करावं की कोल्हापूर किंवा गोव्याला बांबोळीला हलवावं? आणि दाता मिळाला तर आत्ताच रक्त काढून ठेवायचं का?

रक्तपेढीवाली मावशी

बहिणीला म्हणावं तूप खा, पण स्वतःसाठी. ४५ किलोचा नियम दात्याला चक्कर येऊन पडायला नको म्हणून आहे. शिवाय तिचं हिमोग्लोबिन १२.५ हवं, ते बघितलंय का कुणी? एका घरात एकच जनुक आणि बहुधा एकच स्वयंपाक, तेव्हा तिचंही कमीच असणार असा माझा अंदाज. आणि मुख्य म्हणजे आता तीही पेशंटच आहे. उद्या तिचं लग्न होईल, बाळंतपण येईल, स्कूटरवरून पडेल. तिचीही लाल शाईची चिठ्ठी करा आणि तिची नोंद दाती म्हणून आत्ताच करून ठेवा. वजन-रक्त भरेल तेव्हा देईल.

रक्त आत्ता काढू नका. पिशवी ३५ दिवस टिकते, वेगळं द्रावण घातलेली असेल तर ४२. आज काढलं आणि कळा सव्वा महिन्यानंतर आल्या तर फुकट गेलं, आणि पुरुष दाता पुढचे तीन महिने पुन्हा देऊ शकत नाही, बाई दाती असेल तर चार. गोठवून वर्षानुवर्षं ठेवता येतं, पण ती सोय मोजक्या ठिकाणी आहे आणि वितळवून धुवायला वेळ लागतो. तेव्हा दोन दाते नावानिशी ठरवून ठेवायचे, तारखेच्या दोन आठवडे आधी एकाचं घ्यायचं, दुसऱ्याला गावातच राहायला सांगायचं. दात्याच्या प्रवासाचे पैसे, जेवण, मुक्काम तुमच्याकडे. रक्ताचे पैसे कुणी मागितले तर ताबडतोब रक्तपेढीला कळवा. आणि आलेली पिशवीसुद्धा क्रॉसमॅच केल्याशिवाय लावायची नाही, “बॉम्बेला बॉम्बे, जुळणारच” असं म्हणून चालत नाही.

भूलवाला

जागेबद्दल: ज्या इमारतीत प्रसूतीगृह त्याच आवारात चोवीस तास चालणारी रक्तपेढी, आयसीयू आणि नवजात बालकांचा विभाग असेल तिथे जा. कणकवलीहून ऐन वेळी घाट चढून किंवा महामार्गाने पळत जाणं हा पर्याय धरूच नका. तारखेच्या तीन आठवडे आधी तिथे खोली घेऊन राहा. गोवा की कोल्हापूर, याचं उत्तर सोपं आहे. दोन्हीकडे फोन करा, रक्तपेढीच्या डॉक्टरांना बॉम्बे गट आहे म्हणून सांगा. जे “हो का, बघू” म्हणतील त्यांना सोडा. जे उलट तुम्हालाच दहा प्रश्न विचारतील तिथे जा.

कणकवलीकर

दोन्हीकडे फोन केले. एकीकडच्या बाईंनी अर्धा तास प्रश्न विचारले, शेवटी वहिनीच्या आजीचं माहेर कुठलं तेही विचारलं. तिथेच ठरवलं. परळकडून आमच्या रक्तपेढीला दोन दात्यांचा निरोप आलाय, एक बेळगावकडचे आहेत. बहिणीचं हिमोग्लोबिन ९.८, मावशींचा अंदाज खरा. आता दोघींनाही लोह चालू आहे.

बाळाचं काही आधी बघून ठेवायचं का?

रक्तपेढीवाली मावशी

पोटात असताना वेगळं काही नाही, डॉक्टरीणबाई सांगतील त्या नेहमीच्याच तपासण्या. अँटी-एच बहुतेक आयजीएम जातीची असते आणि ती वारेतून पलीकडे जात नाही. क्वचित आयजीजी निघते, ती जाते. शिवाय वहिनींच्या सिरममध्ये ए आणि बीविरुद्धच्या अँटिबॉडीही आहेतच, जशा कुठल्याही ओ आईत असतात. म्हणून बाळ झालं की नाळेचं रक्त दोन नळ्यांत घ्यायला सांगा: गट, कूम्ब्ज (आईच्या अँटिबॉडी बाळाच्या पेशींना चिकटल्यात का ते बघणारी तपासणी) आणि बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) यांसाठी. नळीवर आईचं नाव आणि “बॉम्बे” दोन्ही लिहायचं, नाहीतर रात्रपाळीचा मुलगा आईपुढे ओ लिहून मोकळा होईल. पहिले तीन-चार दिवस बाळ पिवळं पडतंय का ते उजेडात बघायचं. बाळाला कधी रक्त लागलंच तर आईच्या सिरमशी जुळवून द्यायचं, हे तिथल्या बाईंना माहीत असेल, तरी एकदा बोलून ठेवा.

आणि त्या बेळगावकरांचा नंबर दादांच्या एकट्याच्या फोनमध्ये ठेवू नका. दादा त्या रात्री फोन चार्ज करायला विसरणार, मी लिहून देते.